एक स्टार मान्य ताई, पण औषध का मारलं नाही ते सांगतो

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू सकाळीच वाचला, दिवसभर कामावर होतो म्हणून आत्ता रात्री मोबाईलवर बसून लिहितोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. बाकीचे लोक पण वाचणार, त्यांच्यासाठी तुमची तक्रार आधी थोडक्यात लिहितो. पेस्ट कंट्रोलसाठी बोलावलं तर हा माणूस दीड तास टॉर्च घेऊन सोफ्याखाली पालथा पडला, चिमट्याने घाण उचलून डायनिंग टेबलवर कागदावर मांडली, न विचारता गालिच्याचा धागा ओढून काडीने जाळला, औषधाचा एक थेंब न मारता व्हिजिटचे पैसे घेऊन गेला. आणि आम्ही प्राण्यांपासून केलेली कुठलीच वस्तू वापरत नाही असं सांगितल्यावर वर "तुमचं अर्धं घर प्राण्यांचंच आहे" असं ऐकवून गेला.

तो पालथा पडलेला माणूस मीच. आणि यातलं एकही वाक्य खोटं नाही.

टेबलाचं आधी बोलतो. जिथे माणसं जेवतात तिथे लेंड्या मांडायच्या नसतात हे मला कळायला हवं होतं, कागद खाली होता वगैरे बोलण्यात काही अर्थ नाही. उजेड तिथे चांगला होता म्हणून मी आपला बसलो भिंग काढून. माफ करा. धाग्याचंही तसंच, कडेची सुटलेली दशी होती तरी घर तुमचं आणि गालिचा तुमचा, विचारायला पाहिजे होतं. आणि ते "अर्धं घर" वालं वाक्य तर फारच आगाऊपणाचं होतं, कुणी मनापासून एखादी गोष्ट पाळत असेल तर त्याला असं तोंडावर बोलू नये, घरी येऊन बायकोला सांगितलं तर तिनेही हेच ऐकवलं.

पण औषध मारलं नाही त्याची माफी मागणार नाही, त्याचं कारण सांगतो, जरा लांबेल.

तुम्ही फोन केला तेव्हा आमच्या पोराने फोटो बघून लगेच "उंदीर आहे" सांगितलं. ती आमची पहिली चूक, फोटोवरून सांगायचंच नसतं. काळी लांबट लेंडी म्हटली की सगळ्यांना उंदीरच दिसतो. तुमच्या खिडकीच्या कठड्यावर ट्यूबलाइटच्या बरोबर खाली ज्या नऊ लेंड्या मिळाल्या त्यातल्या सात जणींच्या एका टोकाला पांढरा ठिपका होता, खडूचा कण चिकटल्यासारखा, तो तुम्हाला भिंगातून दाखवला पण होता. तो पांढरा भाग म्हणजे पालीची लघवी. पाली आणि पक्षी आपल्यासारखी पातळ लघवी करत नाहीत, पाणी वाचवायला ती घट्ट पांढरी होऊन विष्ठेबरोबरच बाहेर पडते. उंदराच्या लेंडीला असं टोक नसतं. शिवाय छोटा घरउंदीर असता तर दिवसाला 50 च्या वर लेंड्या टाकतो तो, भिंतीच्या कडेकडेने, त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, आणि तुम्हीच म्हणालात की कठडा तीन आठवड्यांत पुसला नव्हता. तीन आठवड्यांत नऊ म्हणजे उंदीर नाही हो, दिव्याखाली किडे टिपायला येणारी एक पाल. वाळलेली एक लेंडी सुईने फोडली तर आत पंखांचे चमचमते तुकडे निघाले, म्हणजे ती काय खाते तेही कळलं. आता तिथे मी उंदराचं विष ठेवून पैसे घेतले असते तर तुम्ही मला पाच स्टार दिले असते बहुतेक.

आता भिंतीवरचं. बेडरूमच्या कोपऱ्यात सिलिंगखाली ज्या करड्या चपट्या बिया चिकटल्यासारख्या दिसतात, साधारण सेंटीमीटरभर लांब, मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळत्या, त्याला तुम्ही "सिमेंटचे पापुद्रे" म्हणत होतात. त्या पिशव्या आहेत. आत अळी असते, ती रेशीम काढून त्याला धूळ वाळू केस चिकटवून स्वतःचं घर विणते आणि ते ओढत ओढत भिंतीवर फिरते, दोन्ही टोकं उघडी असतात म्हणून कुठूनही डोकं बाहेर काढते. एक आपण तळहातावर ठेवून दोन मिनिटं गप्प थांबलो तेव्हा तिने डोकं काढलं आणि तुमच्या मुलीने किंकाळी मारली, आठवत असेल. हिचं मुख्य खाणं म्हणजे कोळ्यांची जुनी जाळी, मेलेले किडे, केस. दिसायला घाण वाटते पण हिच्यासाठी औषध लागत नाही, जाळी काढा आणि पिशव्या व्हॅक्यूमने ओढून घ्या, झालं.

खरा त्रास सोफ्याखाली आहे.

गालिच्यावर टक्कल पडलंय, बरोबर सोफ्याच्या मागच्या पायांपाशी, जिथे उजेड नाही आणि कुणी पाय ठेवत नाही. वरची लव गेलीय पण खालचं विणकाम जसंच्या तसं आहे. ते बघूनच माझ्या मनात आलं की वरचा भाग लोकरीचा आणि खालचे ताणे सुती असणार, कारण कसरीच्या अळ्या (कसर म्हणजे कपड्यांना लागणारा छोटा पतंग) लोकर खातात, स्वच्छ कापसाला सहसा तोंड लावत नाहीत. पण तुम्ही ठामपणे म्हणालात की गालिचा सिंथेटिक आहे, दुकानदाराने तसं सांगून दिलाय, म्हणून मी तो धागा जाळला. सिंथेटिक असता तर वितळून टोकाला कडक मणी झाला असता. सुती असता तर कागदासारखा भुर्रकन जळला असता. हा धागा कसाबसा जळला, काडी बाजूला केल्यावर आपोआप विझला, केस जळाल्याचा वास सुटला (तो वास तुमच्या रिव्ह्यूतही आलाय) आणि राख बोटात चुरल्यावर काळी पूड झाली. लोकर आहे ताई. तुम्हाला फसवलं ते दुकानदाराने, राग मात्र माझ्यावर निघाला.

अजून एक. त्या टकलाच्या कडेला बारीक दाणे होते, तुम्ही म्हणालात गालिच्याचा रंग गळतोय. ती कसरीच्या अळ्यांची विष्ठा. ज्या रंगाची लोकर खातात त्याच रंगाचे दाणे पडतात, तुमचा गालिचा लाल म्हणून दाणे लाल. मला तर ही गोष्ट इतक्या वर्षांनी पण भारी वाटते, पण कबूल आहे की ज्याच्या गालिच्याला टक्कल पडलंय त्याला वाटणार नाही.

तुम्ही रोज संध्याकाळी जे सोनेरी छोटे पतंग मारता त्याने फार फरक पडत नाही, कारण कसरीचा पतंग काही खातच नाही, त्याला खायला धड तोंडच नसतं, आणि उडताना दिसतात ते जास्त करून नर. मादी सहसा अंधारात घडीच्या आत सरपटत असते आणि 40-50 अंडी घालते. खाते ती अळी. आणि दिव्याभोवती घिरट्या घालणारे पतंग तर वेगळेच, कसरीला उजेड आवडत नाही.

मुलीच्या मानेला खाज येते आणि तुम्हाला ढेकणांचा संशय होता. गादीच्या शिवणी, पलंगाचे सांधे, हेडबोर्डच्या मागची बाजू सगळं बघितलं, ढेकणांचे शाईसारखे काळे डाग नाहीत, कात नाही, अंडी नाहीत. पण उशीच्या खोळीत तपकिरी केसाळ सालं मिळाली, दोन-तीन मिलिमीटरची. ती कार्पेट बीटलच्या अळीची कात, हा एक छोटा भुंगा, त्याच्या अळ्या लोकर, पिसं खातात. या अळ्यांचे बारीक केस लागून काही लोकांना पुरळ येतं आणि ते चावल्यासारखं दिसतं. मुलीला तेच झालंय असं मी म्हणत नाही, ते डॉक्टरांना दाखवा. पण उशी कशाची आहे ते मी शिवणीतून बाहेर आलेल्या टोकावरून सांगितलं, ती पिसाची काडी होती. "मायक्रोफायबर" हे फक्त खोळीवर लिहिलंय.

तर ते प्राण्यांच्या वस्तूंचं. मी बोललो चुकीच्या सुरात, पण मुद्दा हा होता की लोकर, पिसं, केस, फर, शिंग हे सगळं केराटिनचं असतं, आपली नखं असतात तसं. फार कमी जिवांना ते पचतं आणि त्यातले नेमके दोन तुमच्याकडे मुक्कामाला आहेत. म्हणून मी घरभर विचारत फिरत होतो, ओव्हरकोटची बटणं कशाची, कपड्यांच्या ब्रशचे केस कशाचे. बटणं शिंगाची निघाली आणि ब्रश डुकराच्या केसांचा. त्या ओघात मी जुन्या कपाटाच्या पॉलिशबद्दल पण बोललो की ते लाखेचं वाटतंय आणि लाख म्हणजे किड्यांनी झाडाच्या फांदीवर सोडलेला चिकट थर, आणि तुमचे ते पातळ कप बोन चायनाचे आहेत, त्यात हाडांची राख असते. त्याची काहीएक गरज नव्हती, लाख किंवा कप कसर खात नाही, मी आपला वाहवत गेलो. तुमचा चेहरा उतरला ते मला नंतर गाडीत बसल्यावर लक्षात आलं. विकणारा सांगत नाही आणि लेबलवर धड लिहिलेलं नसतं, त्यात तुमची काय चूक.

आता फवारणी. वरून औषध मारलं असतं तर ते गालिच्याच्या वरच्या बाजूवर बसलं असतं आणि अळ्या आहेत खालच्या बाजूला, स्वतः विणलेल्या रेशमी नळ्यांच्या आत. मेले असते कोण, तर कोपऱ्यातले कोळी, माश्या, मुंग्या. आणि मेलेले किडे हे कार्पेट बीटलच्या अळीचं आवडतं जेवण आहे, म्हणजे मी पैसे घेऊन तिला पंगत वाढली असती. त्यात व्हेंटिलेटरमध्ये कबुतराचं सोडलेलं घरटं आहे, पिसांनी भरलेलं, बीटल बहुतेक तिथूनच आत येतायत. ते काढल्याशिवाय बाकी काही करून उपयोग नाही.

लेखी रिपोर्ट दुसऱ्या दिवशी देतो म्हणालो होतो आणि चौथ्या दिवशी पण दिला नाही, ही आमची सगळ्यात मोठी चूक, कारण तो वेळेत मिळाला असता तर तुम्ही हा रिव्ह्यू कदाचित लिहिलाच नसता. त्यात जे लिहायचं होतं ते आता इथेच लिहितो. ओव्हरकोट, ब्रश आणि छोट्या लोकरी वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि डीप फ्रीजरमध्ये उणे 18 डिग्रीला दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, घरातल्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर कपड्याला पाणी सुटतं. पिसांची उशी ठेवायची नसेल तर ती पण आधी बंद पिशवीत घाला आणि मगच बाहेर काढा, घरभर झटकत नेऊ नका. सोफ्यामागे टाकलेल्या डांबराच्या गोळ्या आजच उचला, उघड्या खोलीत त्यांचा उपयोग शून्य, त्यांची वाफ घट्ट बंद डब्यात कोंडली तरच कसर मरते, आणि ती वाफ लहान मुलीच्या नाकात जाणं चांगलं नाही.

गालिचा फ्रीजरमध्ये मावणार नाही, तो आम्ही उलटा करून दोन्ही बाजूंनी व्हॅक्यूम करू आणि मग गरम खोलीत 55 डिग्रीच्या वर काही तास ठेवायला नेऊ. गालिचा आणि व्हेंटिलेटर दोन्हीचं काम केल्यावर व्हिजिटचे पैसे बिलातून वजा होतील. आमच्याकडून काम करायचं नसेल तरी व्हिजिटचे पैसे परत करतो, रिपोर्ट वेळेत दिला नाही ना. स्टार बदला असं मी म्हणणार नाही.

फक्त एक विनंती, आम्ही येईपर्यंत सोफा सरकवून झाडू मारू नका, झाडूने अंडी पलीकडच्या खोलीत जातात. आणि पाल राहू द्या, ती तुमच्या बाजूने आहे.