चार्ल्सटनला जाताय? मग आधी पायी फिरा

लाँग वीकेंड जवळ आला की शार्लट शहरातल्या आमच्या ग्रुपवर अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यातल्या चार्ल्सटनचं प्लॅनिंग सुरू होतं. भारतातून आईबाबा आलेले असले तर हमखास. आणि कार्यक्रम ठरलेला: घोडागाडीची टूर, रेनबो रोच्या रंगीत घरांसमोर फोटो, जेवण, परत. मला हे मनापासून खटकतं.

घोडागाडीला माझा विरोध नाही. पण तिचा मार्ग ना गाडीवान ठरवतो, ना आपण. एकाच गल्लीत गर्दी होऊ नये म्हणून शहराने मार्ग आखून दिलेत आणि कुठल्या गाडीला कुठला, ते सोडतीने ठरतं. त्यामुळे चाल्मर्स स्ट्रीटवरचं ओल्ड स्लेव्ह मार्ट, म्हणजे गुलामांच्या विक्रीचा जुना बाजार, तुमच्या वाट्याला येईलच असं नाही. १८५६ मध्ये शहराने भर रस्त्यात माणसांचे लिलाव करायला बंदी घातली. विक्री थांबली नाही, ती अशा आवारांत गेली. आज तिथे संग्रहालय आहे.

पायी टूरमध्ये चांगला गाइड एखाद्या जुन्या विटांच्या भिंतीपाशी थांबवतो आणि बोटांचे ठसे दाखवतो. ओल्या विटा हाताळणाऱ्या गुलामांचे. काही ठसे इतके बारीक असतात की ते लहान मुलाचे आहेत हे सांगावं लागत नाही. आपलं बोट त्या खळगीत मावत नाही. ज्या घरांचं आपण इतकं कौतुक करतो ती या हातांनी उभी राहिली, आणि ती पाहताना हे कळायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे.

एकच घर आतून बघणार असाल तर एकेन-र्‍हेट हाउस बघा. रंगरंगोटी न करता जसं मिळालं तसं जपलंय. दिवाणखान्यात रेंगाळू नका, मागच्या अंगणात जा. खाली स्वयंपाकघर आणि धुण्याची खोली, वर गुलामांच्या राहायच्या खोल्या.

आणि गॅड्सडेन्स वॉर्फ चुकवू नका. उत्तर अमेरिकेत आणलेल्या आफ्रिकी गुलामांपैकी अंदाजे ४० टक्के चार्ल्सटन बंदरातून आले, त्यातले कितीतरी या धक्क्यावर. २०२३ मध्ये इथे इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियम उघडलं. इमारत खांबांवर उचललेली आहे, खालची जमीन मोकळी. तिथे उथळ पाण्याखाली दाटीवाटीने आडव्या झोपवलेल्या माणसांच्या आकृत्या आहेत, जहाजात कोंबत तशा.

एक व्यवहाराची गोष्ट. पूर्वी गाइडला शहराची लेखी परीक्षा द्यावी लागायची. २०१८ मध्ये कोर्टाने ती अट रद्द केली. तेव्हा बुकिंगआधी सरळ विचारा, गुलामगिरीचा इतिहास टूरमध्ये आहे का. गुळमुळीत उत्तर आलं तर दुसरी टूर शोधा. गला (Gullah), म्हणजे या किनारपट्टीवरच्या आफ्रिकी गुलामांच्या वंशजांच्या संस्कृतीवरच्या खास टूरही तिथे मिळतात.