ठाम मत बाळगणाऱ्या वेब डेव्हलपरसाठी काही व्यवहारोपयोगी सूचना

संगणक क्षेत्रात नोकरी करणाऱ्या माणसाला काम येत नसले तरी बराच काळ निभावून जाते, कारण काम सहसा टीमने करायचे असते आणि प्रत्येक टीममध्ये काम येणारा एखादा तरी सापडतोच. मत नसेल तर मात्र एक दिवसही निभावत नाही. मुलाखतीत, सोमवारच्या बैठकीत, हिंजवडीच्या वाहतूक कोंडीत अडकलेल्या कंपनीच्या बसमध्ये, कोठेही कोणीतरी विचारतेच की वेबपाने बनवण्याच्या साधनांत रिअ‍ॅक्ट बरे की अँग्युलर, आणि ‘काम काय आहे त्यावर ते ठरेल’ असे म्हणणाऱ्याकडे मंडळी दयार्द्र नजरेने पाहून विषय बदलतात. ते उत्तर बरोबर असते हाच त्याचा मोठा दोष आहे, कारण बरोबर उत्तरावर वाद घालता येत नाही आणि वाद घातल्याशिवाय ‘टेक्निकल लीड’ होता येत नाही. म्हणून वेबसाइट आणि अ‍ॅप बनवण्याच्या साधनांविषयी ठाम मत कसे कमवावे, कसे पोसावे आणि मुख्य म्हणजे त्याचे बिल टेबलावर येण्याआधी तेथून कसे उठावे, याविषयी नवोदितांना चार गोष्टी सांगून ठेवणे आवश्यक वाटते.

आरंभ पीएचपी या संकेतस्थळे बनवण्याच्या जुन्या भाषेच्या निंदेने करावा. हे मत स्वस्त आहे, टिकाऊ आहे आणि त्यासाठी काहीही वाचावे लागत नाही. रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५ साली स्वतःच्या वैयक्तिक पानासाठी केलेली हत्यारे जगापुढे ठेवली आणि त्यांतून ही भाषा वाढत गेली. त्यामुळे आराखडा काढून बांधलेल्या घराची शिस्त तिच्यात नाही, हे कोणीही मान्य करील. शोधायचे काय आणि शोधायचे कशात, यांचा क्रम तिच्या एका फंक्शनमध्ये एक असतो आणि दुसऱ्यात नेमका उलटा. एवढा एक दाखला पाठ केला की आयुष्यभर पुरतो. कोणी म्हणेल की विकिपीडिया याच भाषेवर चालतो, आणि जगातील ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे ज्या वर्डप्रेसवर उभी आहेत तेही पीएचपीतच लिहिलेले आहे. त्यावर किंचित हसून ‘चालते ते सगळे जिवंत असतेच असे नाही’ असे म्हणावे. फेसबुकचे उदाहरण निघाले तर ‘त्यांनीसुद्धा अखेरीस पीएचपी सोडलीच’ एवढेच सांगावे. सोडली म्हणजे काय केले, तर लाखो ओळींचा चालता कोड फेकून न देता त्याच भाषेसाठी वेगवान इंजिन बांधले आणि २०१४ मध्ये तिच्यातूनच ‘हॅक’ नावाची नवी भाषा काढली, हा तपशील ज्याला ठाऊक असेल तो बहुधा बैठकीत बोलत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पीएचपीच्या सातव्या आवृत्तीने तिचा वेग बराच वाढवला, ही बातमीही वाचू नये. निंदेच्या विषयाची खबरबात ठेवली की निंदा पातळ होते.

पीएचपीवर हात बसला की ‘हे स्केल होईल का?’, म्हणजे वापरणारे वाढले तरी पेलेल का, हा प्रश्न विचारायला शिकावे. या व्यवसायात इतका फायद्याचा दुसरा प्रश्न नाही, कारण विचारणाऱ्याला काहीच सिद्ध करावे लागत नाही आणि ज्याला विचारला तो घामाघूम होतो. पुरावा म्हणून ट्विटर ठेवावे. रूबी ऑन रेल्स हे फ्रेमवर्क, म्हणजे वेबसाइट बांधण्याचा तयार सांगाडा, डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन यांनी २००४ मध्ये खुले केले, २००६ मध्ये ट्विटर त्यावर सुरू झाले, गर्दी वाढली की पडद्यावर देवमाशाचे चित्र येऊ लागले, आणि पुढे त्यांनी आपला बराच डोलारा स्काला या दुसऱ्या भाषेकडे हलवला. यावरून रेल्स स्केल होत नाही हे आपोआप सिद्ध होते. कोड ठेवण्याचे गिटहब आणि ऑनलाइन दुकानांचे शॉपिफाय ही अवाढव्य दुकाने रेल्सवरच वाढली, हे सांगणाऱ्याला ‘त्यांची गोष्ट वेगळी’ असे उत्तर द्यावे. ट्विटरची गोष्टही वेगळीच होती आणि आपल्या अशिलाची तर त्याहून वेगळी आहे, हे मनातसुद्धा आणू नये.

कारण अशील कोण, तर समजा सांगलीतील एखादी पतसंस्था. तिला ठेवींचे व्याजदर दाखवायचे आहेत, सभासदांना आपल्या खात्याचा उतारा पाहू द्यायचा आहे आणि वार्षिक सभेची सूचना चढवायची आहे. एक सर्व्हर, एक डेटाबेस आणि महिन्यातून एकदा बॅकअप नीट झाला का हे पाहणारा एक विश्वासू माणूस एवढ्यावर हे काम दहा वर्षे सुखाने चालेल. म्हणूनच तसे करू नये. ठेवींची एक सेवा, कर्जाची दुसरी, व्याजाच्या गणिताची तिसरी, सूचनांची चौथी असे त्याचे मायक्रोसर्व्हिसेसमध्ये तुकडे करावेत, प्रत्येकीला स्वतंत्र डेटाबेस द्यावा आणि त्या सगळ्यांना चालते आणि एकमेकींशी बोलते ठेवण्यासाठी वर कुबरनेटीस हे देखरेखीचे साधन बसवावे. पूर्वी एकाच डेटाबेसच्या एका ट्रान्झॅक्शनमध्ये जे होत होते, म्हणजे पैसे एका खात्यातून निघाले तर दुसऱ्यात जमा झालेच पाहिजेत, नाहीतर दोन्ही रद्द, ते आता चार सेवांच्या आपसातील निरोपांवर अवलंबून राहील, आणि मधला एखादा निरोप हरवला की हिशेब जुळवायला एक तरुण शनिवारी कार्यालयात येईल. ही रचना मुळात शेकडो डेव्हलपर असलेल्या कंपन्यांनी स्वीकारली, कारण त्यांच्या टीम एकमेकींच्या पायात येत होत्या. तुमची टीम दोघांची आहे आणि त्यांतला एक दिवाळीपर्यंत दुसऱ्या प्रोजेक्टवर आहे. पण रेझ्युमेवर ‘मायक्रोसर्व्हिसेस’ हा शब्द पतसंस्था लिहून देत नाही, तो आपणच कमवावा लागतो, आणि त्याचे पैसे अशील देते. उंटावरून शेळ्या हाकण्याच्या या पद्धतीला ‘आर्किटेक्चर’ म्हणतात.

कधीकधी वारा फिरतो. २०२३ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या प्राइम व्हिडिओतील एका टीमने जाहीर केले की, प्रक्षेपणाची गुणवत्ता तपासणारी आपली सेवा सुट्या तुकड्यांतून काढून एकसंध केली आणि तिचा पायाभूत खर्च ९० टक्क्यांहून अधिक घटला. ज्या कंपनीच्या क्लाउडवर, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरवर, जग हे तुकडे ठेवते, तिच्याच घरातून ही बातमी आली! अशा दिवशी गोंधळून जाऊ नये. तो अनुभव एका विशिष्ट सेवेपुरता होता, संपूर्ण प्राइम व्हिडिओचा नव्हता, हे विसरून ‘मोनोलिथ (एकसंध रचना) परत आला आहे’ अशी घोषणा करावी आणि पतसंस्थेचे तुकडे जोडून देण्याचे नवे कोटेशन तयार करावे. क्लाउडचेही तसेच. रेल्सवाल्या हॅन्सन यांच्या कंपनीने २०२२ मध्ये क्लाउड सोडून स्वतःच्या सर्व्हरवर परतण्याचा निर्णय जाहीर केला. तेव्हापासून क्लाउडच्या बाजूने आणि विरुद्ध, अशी दोन्ही भाषणे तयार ठेवणे शहाणपणाचे झाले आहे.

जुना कोड हाती आला की तो न वाचता ‘हे सगळे नव्याने लिहावे लागेल’ असे जाहीर करावे. वाचल्यास घोटाळा होतो. त्यातील विचित्र दिसणारी प्रत्येक अट कधीतरी कोणीतरी रडकुंडीला आल्यावर घातलेली होती हे लक्षात येते आणि मग हात चालत नाही. नेटस्केपने १९९८ मध्ये आपल्या ब्राउझरचा कोड बाजूला सारून नव्याने लिहायला घेतला. पाचवी आवृत्ती कधी आलीच नाही, सहावी आली ती २००० सालच्या अखेरीस, आणि तोवर इंटरनेट एक्स्प्लोररने बाजार खाऊन टाकला होता. हे उदाहरण कोणी तोंडावर मारलेच, तर त्याच कोडमधून पुढे २००४ मध्ये फायरफॉक्स निघाला, हे सांगून विजय मिळवावा. आपल्या अशिलाला सहा वर्षे थांबायची आणि मधल्या काळात कंपनी गमावायची तयारी आहे का, हे विचारणे विक्री विभागाचे काम आहे.

परावलंबनाचाही अभिमान बाळगावा. जावास्क्रिप्ट या भाषेच्या जगात मजकुराच्या डावीकडे रिकाम्या जागा भरून तो ठरावीक लांबीचा करणारे ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे ११ ओळींचे पॅकेज, म्हणजे उसना घेता येणारा तयार कोड, होते. मार्च २०१६ मध्ये त्याच्या लेखकाने एका नावावरून झालेल्या वादात आपली पॅकेजे एनपीएम या पॅकेजांच्या सार्वजनिक भांडारातून काढून घेतली आणि जगभरातील बिल्ड, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्राम तयार करण्याची कामे, धडाधड कोसळले. काही तासांत ते पॅकेज परत चढवावे लागले. त्या दिवशी सर्वांनी कानाला खडा लावला. संख्या विषम आहे का हे सांगणारे एक पॅकेज त्याच भांडारात आहे, आणि दिलेली गोष्ट मुळात संख्या आहे का, हे पाहण्यासाठी ते दुसऱ्या पॅकेजवर विसंबते, इतका तो खडा पक्का बसला. दोनने भागून बाकी पाहण्याचे गणित आपल्याकडे प्राथमिक शाळेत शिकवतात, परंतु शाळेतील गणिताला गिटहबवर कौतुकाचे तारे मिळत नाहीत.

साधन मरते तेव्हा कसे वागावे, हेही शिकून घेतले पाहिजे, कारण ते नक्की मरणार आहे. अँग्युलरजेएसवर, म्हणजे अँग्युलरच्या पहिल्या अवतारावर, निष्ठा ठेवणाऱ्यांना २०१६ मध्ये दुसरी आवृत्ती मिळाली ती नावापुरती दुसरी होती. जुना कोड तिच्यात तसाच्या तसा चालेना, आणि पहिल्या आवृत्तीचा आधार २०२१ च्या अखेरीस संपला. ब्राउझरमध्ये चित्रफिती आणि हलती चित्रे चालवणारे सिल्व्हरलाइट मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये मोठ्या थाटात आणले आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये मिटवून टाकले. त्याच कामाच्या फ्लॅशवर ॲपलच्या स्टीव्ह जॉब्स यांनी २०१० मध्ये जाहीर पत्र लिहून टीका केली, तेव्हा कित्येकांनी ते हसण्यावारी नेले. ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबीने त्याचा आधार काढून घेतला आणि शाळांच्या कित्येक इ-लर्निंग सीडी शोभेच्या तबकड्या झाल्या. अशा प्रसंगी ‘मी चुकलो’ असे म्हणायचे नसते, ‘इंडस्ट्री पुढे गेली’ असे म्हणायचे असते. रायन डाल यांचे अनुकरण तर मुळीच करू नये. जावास्क्रिप्ट सर्व्हरवर चालवणारे नोड त्यांनी २००९ मध्ये केले आणि २०१८ मध्ये बर्लिनला भर सभेत त्यातील स्वतःच्या दहा चुका मोजून दाखवल्या. मग त्या टाळण्यासाठी डेनो हे नवे साधन काढले, आणि काही वर्षांनी त्या डेनोलाही एनपीएमची पॅकेजे चालवून घ्यावी लागली. हे गृहस्थ चुका कबूल करू शकतात, कारण चूक करण्याएवढे काही त्यांनी बांधले तरी आहे. आपण केवळ मत बांधलेले असते.

एवढ्या धामधुमीत शेवटी ते पान वापरणार कोण, हा प्रश्न आल्यास तो ‘यूएक्स’च्या, म्हणजे वापरणाऱ्याची सोय पाहणाऱ्या, माणसाकडे टोलवावा. मराठी मजकुराची चाचणी घेण्याचा मोह आवरावा. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक संकेत देणारी पद्धत, रुळण्यापूर्वी आपल्याकडची अनेक मराठी संकेतस्थळे आपापला फॉन्ट उतरवून घ्यायला लावत आणि तो नसला की बातमीऐवजी रोमन अक्षरांचा चिवडा दिसे. तेव्हाही कोणाची नोकरी गेली नाही. ‘श्रीकृष्ण’ हा शब्द वाचणाऱ्याला तीन अक्षरांचा दिसतो आणि युनिकोडमध्ये नऊ संकेतांचा असतो. त्यामुळे वीस संकेतांवर नाव कापणारा तुमचा फॉर्म सभासदाचे आडनाव जोडाक्षराच्या मधोमध तोडतो आणि मागे एक लोंबकळता हलन्त ठेवतो. सभासद तक्रार करायला सांगलीच्या काउंटरवर जाईल. तुम्ही तेथे बसत नाही.

आता पगाराकडे वळू. २०२० मध्ये फास्टएपीआय या फ्रेमवर्कच्या निर्मात्यानेच आपण पाहिलेल्या एका नोकरीच्या जाहिरातीविषयी सांगितले होते. तिच्यात फास्टएपीआयचा चार वर्षांहून अधिक अनुभव मागितला होता आणि ते बनवून त्याला स्वतःला जेमतेम दीड वर्ष झाले होते. या जाहिरातीला लोक हसले, पण हसणाऱ्यांनी आपापल्या रेझ्युमेवरील वर्षे तपासली नाहीत. साधन निवडताना त्याने काम किती सोपे होईल हे पाहण्यापेक्षा पुढच्या वर्षीच्या जाहिरातीत त्याचे नाव येईल का, एवढेच पाहावे. बसवून दीड वर्ष झाले, तुकड्यांचे निरोप हरवू लागले, क्लाउडचे बिल पतसंस्थेच्या अध्यक्षांच्या टेबलावर पोहोचले, की राजीनामा टाकण्याची वेळ झाली असे समजावे. नोटीस पिरियड ९० दिवसांचा असला तरी घाबरू नये, नवी कंपनी तो बहुधा विकत घेते. केटीच्या, म्हणजे आपले काम दुसऱ्याला समजावून देण्याच्या, बैठका असतात, त्यांत स्क्रीन शेअर करून डायग्राम भराभर खाली सरकवावा आणि ‘बाकी सगळे कोडमध्येच आहे’ असे सांगावे. वारसदार म्हणून आलेला मुलगा तो कोड उघडून, न वाचता, हे सगळे नव्याने लिहावे लागेल असे म्हणेल, तेव्हा त्याच्या पाठीवर हात ठेवावा. निरोपाच्या फॉर्मवर ‘कंपनी सोडण्याचे कारण’ असा रकाना असतो; तेथे ‘येथील सिस्टिम फार जुनी आहे’ असे लिहावे.