बदामाचा बहर कानात

म्युझियमच्या दुकानांवरचा एक लेख वाचला, त्यात तिथल्या वस्तूंना ‘मगावर छापलेली कला’ म्हणून हिणवलंय. सरसकट तसं नसतं हो. भाच्याने मला अशाच दुकानातली, चित्रकार व्हॅन गॉगच्या ‘बदामाचा बहर’ चित्रावरची कानातली दिली. निळ्या मीनाकामावर पांढरी फुलं, एक वाकडी फांदी. उजेडात धरली की कळीची गुलाबी कडाही दिसते. (कान कापून घेणाऱ्याच्या चित्राची कानातली, यावर घरात हसून झालंय!) मुळात ते चित्रच भेट होतं. १८९० मध्ये भाऊ थिओला मुलगा झाला, काकाचंच नाव ठेवलं, म्हणून व्हॅन गॉगने ते रंगवलं. पुढे याच पुतण्याच्या पुढाकाराने अ‍ॅमस्टरडॅमचं व्हॅन गॉग म्युझियम उभं राहिलं, १९७३ साली. फिरकी मात्र मी आमच्या सोनाराकडून बदलून घेतली, मला मळसूत्राचीच लागते.