रिमोट हातातून सुटेना

'फ्लॅटमध्ये होम थिएटर म्हणजे निव्वळ चैन' हे लेखातलं मत अर्धंच पटलं. टीव्ही पातळ होत गेले तसे स्पीकर खाली नाहीतर मागे गेले. आवाज आधी भिंतीवर आपटणार, मग आपल्याकडे येणार! गाणं लागलं की कमी करा, संवाद आले की वाढवा. ५.१ होम थिएटरमध्ये, म्हणजे पाच स्पीकर आणि बाससाठी (खोल, घुमणाऱ्या आवाजासाठी) एक सबवूफर, संवाद मुख्यतः मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमधून येतात. तो टीव्हीखाली कानाच्या रोखाने बसवल्यापासून आमच्या आईला सबटायटल लागत नाहीत. सबवूफर मात्र कोपऱ्यात नको. तिथे बास फुगतो आणि स्लॅबमधून थेट खालच्या काकांकडे पोचतो. आणि हो, होम थिएटरची एचडीएमआय केबल टीव्हीच्या 'एआरसी' लिहिलेल्या पोर्टलाच लावा, टीव्हीचा आवाज स्पीकरकडे तिथूनच जातो. बातम्यांपुरता टीव्हीचा आवाज पुरे, तिथे सगळे ओरडतातच.