रोमची चर्चेस फुकटची म्युझियम नाहीत

आज एक रील बघितलं आणि डोकंच फिरलं. "रोममध्ये पैसे वाचवायचेत? चर्चमध्ये घुसा, फुकटचं म्युझियम!" खाली सगळे हार्ट टाकतायत, त्यात आपले ख्रिस्तीही दोघं-तिघं.

अरे, घुसा म्हणजे काय?

रोमला गेले होते तेव्हा पियाझ्झा नवोना या चौकाजवळच्या सांत आगोस्तिनो चर्चमध्ये गेले. आत शिरलं की डाव्या हाताच्या पहिल्याच चॅपलमध्ये, म्हणजे बाजूच्या छोट्या प्रार्थनास्थळात, इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचं चित्र आहे, १६०४ ते १६०६ च्या दरम्यानचं. मरियामाता बाळ येशूला घेऊन उंबऱ्यात उभी, अनवाणी, कोण आलंय बघायला घरातली बाई बाहेर यावी तशी, आणि समोर दोन गरीब यात्रेकरू, एक पुरुष आणि एक बाई, गुडघ्यांवर. त्या माणसाचे मळलेले तळवे थेट आपल्याकडे, बाईच्या डोक्यावरचं फडकं फाटलेलं. मी गुडघे टेकून रोझरी, म्हणजे जपमाळ, काढली, तेवढ्यात एका गाइडने खांद्यावर टकटक केलं, जरा बाजूला व्हा, ग्रुपला फोटो काढायचाय. वेदीसमोर प्रार्थना करणारं माणूस फोटोत नको, आणि फोटो कशाचा तर प्रार्थना करणाऱ्या माणसांचा!

बरं, गाइडचंही पोट आहे, आणि टुरिस्ट टाकतात त्या पैशांनी चर्चला मदत होते, मान्य. पण म्हणून उठवायचं?

याच काराव्हाज्जोने मरियामातेच्या मृत्यूचं चित्र रोममधल्याच एका चर्चसाठी काढलं होतं, ते तिथल्या कार्मेलाइट संन्याशांनी नाकारलं, आज ते पॅरिसला लूव्रमध्ये आहे. म्युझियमच हवंय तर तिथे जा ना. हे यात्रेकरूंचं चित्र चारशे वर्षांनंतरही आपल्या वेदीवर आहे, त्या चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे आपली सामूहिक उपासना, होते. मला तिथून उठवलं तेव्हा या फरकाचं त्या ग्रुपमधल्या एकालाही काही वाटलं नाही, हे जास्त लागलं.

सगळेच तसे नसतात म्हणा. जवळच सान लुइजी दे फ्रान्चेझीत जकातदाराचा येशूचा शिष्य झालेल्या संत मत्तयची, काराव्हाज्जोनेच काढलेली तीन चित्रं आहेत, तिथे नाणं टाकलं की लाइट लागतो. त्यातल्या एकात पैसे मोजत बसलेल्या टेबलाकडे प्रभू हात करतोय आणि काहींचे चेहरे वळलेत. लाइट गेला तशी गर्दी पांगली, एक मुलगी मात्र हलेना. क्रूसाची खूणही केली नाही तिने, बहुतेक आपल्यातली नव्हती, पण डोळे भरलेले. माझ्या शेजारी सरकून बसली. अशांनी हजार वेळा यावं, त्यांच्यासाठी मीच नाणं टाकेन.

तुमच्यापैकी कोणी रोमला जाणार असेल तर एवढं करा, यातल्या एका चर्चमध्ये मिस्साची वेळ बघून जा. इटालियन येत नसलं तरी मिस्साचा क्रम तोच, कुठे उभं राहायचं, कुठे गुडघे टेकायचे ते कळतंच. चित्रं मिस्सा झाल्यावर निवांत बघा. आणि समोर कोणी प्रार्थना करत असेल तर थांबा, फोटो पाच मिनिटांनी काढा.