बुडायला बांधलेला पूल

नेदरलँड्समधल्या मी राहते त्या नायमेखन शहरात वाल नदीच्या पलीकडच्या काठाला लेंट नावाचं गाव आहे. तिथे एक पादचारी पूल आहे, नदी फुगली की पाण्याखाली जाणारा. चुकून नव्हे, तसाच बांधलेला. बाजूला सिमेंटचे ठोकळे मांडलेत. पायवाटेवर पाणी आलं की लोक ठोकळ्यांवरून टणाटण उड्या मारत जातात, आणखी चढलं की पूल बंद. इथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात गमबूट घातलेली पोरं तिथे खिदळताना पाहिली आणि मला हसूच आलं. म्हटलं, हा तर आमचा भिडे पूल! दर पावसाळ्यात "भिडे पूल पाण्याखाली" ही बातमी आली नाही तर पुणेकराला पाऊस झाल्यासारखा वाटत नाही. लकडी पुलावर गाड्या लावून पाणी बघायला जाणं हा तर आमचा कौटुंबिक कार्यक्रम होता.

हसू मावळलं 25 जुलै 2024 ला. माझ्याकडे रात्रीचे अडीच, पुण्यात सकाळचे सहा. दादाचा व्हिडिओ आला. सिंहगड रस्त्यावरच्या त्याच्या सोसायटीचं पार्किंग मातकट पाण्याने भरलेलं, वहिनीच्या स्कूटरचा फक्त आरसा वर दिसतोय, आणि मागे आईचा आवाज: "देवघरातलं उचल आधी." तळमजल्यावरचा फ्लॅट. खडकवासल्यातून 35 हजार क्युसेकपर्यंत विसर्ग गेला होता आणि खालच्या ओढ्यांचं पाणी त्यात भर घालत होतं. त्याच पहाटे पुलाच्या वाडीत हातगाडी हलवताना विजेचा धक्का बसून तिघे तरुण गेले. आई 1961 ला लहान होती. पानशेत फुटलं तो 12 जुलै तिला तुकड्यातुकड्यांत आठवतो. पण या वेळी धरण फुटलं नव्हतं. धरणं जागच्या जागी होती, पाऊस आपल्या महिन्यात आला होता, पाणी आपल्या वाटेने गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी फोनवर प्रवचन सुरू केलं: पूररेषा, नदीपात्र, इकडे कसं असतं वगैरे. दादा शांतपणे म्हणाला, "ताई, तू तिकडून बोल. मी चिखल काढतो." त्यानंतर बरेच दिवस मी या विषयावर तोंड उघडलं नाही. आता उघडते आहे, ते इकडची कौतुकं सांगायला नाही. म्हणजे थोडी येतील, इलाज नाही.

लेंटची गोष्ट अशी. 1993 आणि 1995 ला ऱ्हाईन (वाल ही तिचीच शाखा) आणि मास नद्यांना मोठे पूर आले. 1995 ला अडीच लाख लोकांना घरं सोडायला लावली. बांध फुटले नाहीत, पण फुटतील अशी धास्ती पडली. या देशाने शतकानुशतकं एकच केलं होतं: बांध उंच करत राहायचं. या वेळी उलटं ठरलं, नदीला जागा परत द्यायची. तीसहून जास्त ठिकाणी कामं झाली, सव्वादोन अब्जांहून जास्त युरो लागले. लेंटला वाल नदी वळण घेत अरुंद होते, म्हणून तिथला बांध साडेतीनशे मीटर मागे नेला, मधल्या जागेत नदीचा दुसरा प्रवाह खोदला. पुराची पातळी सुमारे 35 सेंटिमीटरने उतरली. उन्हाळ्यात आज तिथे लोक पोहतात, होड्या वल्हवतात. बुडणारा पूल याच प्रवाहावर आहे.

पण या कामासाठी पन्नासेक घरं पाडली. माझ्या शेजारच्या आजोबांच्या बहिणीचं घर त्यात गेलं. लोकांनी वर्षानुवर्षं भांडण केलं, पर्यायी आराखडा मांडला, सभा गाजवल्या. शेवटी पैसे मिळाले, दुसरी घरं मिळाली. आजोबा अजूनही त्या प्रवाहाकाठी फिरायला जात नाहीत. "सुंदर आहे," म्हणतात, "पण माझ्या बहिणीचं पेअरचं झाड त्याच्या तळाशी आहे."

आता दुसरी घरं. 17 मे 2025 ला पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेच्या आत बांधलेले 36 बंगले पाडले. राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश होता, सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला होता. आदेश बरोबरच होता. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, तिच्या आत घर नकोच. पण मी ते व्हिडिओ पाहिले तेव्हा मला लेंटचे आजोबा आठवले. दोन्हीकडे घरं नदीसाठी गेली. लेंटची जुनी होती, कायदेशीर होती, तरी पाडण्याआधी दहा-पंधरा वर्षं वाद झाला. चिखलीची घरं बांधायलाच नको होती, तरी प्लॉट विकले गेले, भिंती उभ्या राहिल्या, लोक राहायला आले. रेषा नकाशावर होती, मग वाद घालायला बुलडोझरच का यावा लागला?

मला वाटतं, आपल्याकडचा वाद चुकीच्या जागी अडकलाय. एका बाजूला "विकास", दुसऱ्या बाजूला "पर्यावरणवादी". पुण्यात मुळा-मुठेच्या 44 किलोमीटरच्या नदीकाठ सुधार प्रकल्पावर तेच चाललंय. एका गटाला साबरमतीसारखे घाट हवेत, दुसऱ्याला झाडं. त्यासाठी 2023 च्या एप्रिलमध्ये पुणेकर चिपको म्हणत रस्त्यावर उतरले. मी दुसऱ्या गटाच्या जवळची, लपवत नाही. पात्र आक्रसून काठ सजवायचा आणि मैलापाणी शुद्ध करण्याचं काम मागे रेंगाळू द्यायचं, हा उलटा क्रम आहे. पण घाट झाले किंवा न झाले तरी दादाच्या पार्किंगचा प्रश्न शिल्लक राहतो. नदी कोणाची, हा तो प्रश्न आहे. पूररेषा आखणार पाटबंधारे खातं, बांधकामाची परवानगी देणार महापालिका, महसूल तिसऱ्याकडे, राडारोडा टाकणारा ट्रक कोणाचाच नाही. आणि महापालिकाच पात्रात उतरली तर? विठ्ठलवाडीजवळ पात्रात भराव टाकून केलेला रस्ता काढायला 2013 मध्ये हरित लवादाला सांगावं लागलं. दादाने मागे एकदा आपल्या सोसायटीची जागा रेषेच्या आत की बाहेर हे विचारायला तीन कार्यालयं पालथी घातली. तिन्हीकडे त्याला चौथ्याचा पत्ता मिळाला.

याचं मूळ पुण्याच्या बाहेर आहे. पूरमैदानांचं क्षेत्रनिर्धारण करणाऱ्या, म्हणजे पुराच्या पट्ट्यात कुठे काय चालेल हे ठरवणाऱ्या कायद्याचा नमुना केंद्राने 1975 मध्येच राज्यांना पाठवला. जमीन आणि पाणी हे राज्यांचे विषय, त्यामुळे कायदा करायचा त्यांनी. मणिपूरने 1978 ला केला, राजस्थानने 1990 ला, जम्मू-काश्मीरने 2005 ला, उत्तराखंडने 2012 ला. यादी संपली. महाराष्ट्र तिच्यात नाही. आपल्याकडे रेषा शासनाच्या परिपत्रकांवर आणि विकास नियमावलीवर उभी आहे, आणि परिपत्रक दुसऱ्या परिपत्रकाने हलतं. त्यात "आधी बांधा, मग परवानगी घ्या" ही रीत. चिखलीचे बंगले पडले त्याच्या आदल्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने वनशक्ती या संस्थेच्या प्रकरणात मागाहून दिली जाणारी पर्यावरण मंजुरी बेकायदा ठरवली होती. नोव्हेंबरमध्ये त्याच न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मताने तो निकाल मागे घेतला. इथून बातम्या वाचताना कधी कधी वाटतं, रेषा काय किंवा निकाल काय, पावसाळ्यापुरते असतात.

इथे बांधाला आणि पाण्याला मालक आहे. वाटरस्खाप म्हणतात त्याला, पाणीमंडळ म्हणू. तेराव्या शतकापासूनची ही पद्धत. देशात अशी 21 मंडळं आहेत. बांध, पाण्याची पातळी, सांडपाणी शुद्ध करणं एवढंच त्यांचं काम, आणि त्यासाठी ती घराघरातून वेगळा कर घेतात. या मंडळाची निवडणूक होते. माझा पासपोर्ट भारतीय, त्यामुळे संसदेला माझं मत नाही, प्रांतालाही नाही. पण 15 मार्च 2023 ला मी पाणीमंडळासाठी मत दिलं. मतपत्रिका टेबलावर उलगडली तर चादरीएवढी. त्या दिवशी पुणे महापालिकेत प्रशासक येऊन वर्ष झालं होतं. मुदत संपली मार्च 2022 ला, निवडणूक झाली जानेवारी 2026 मध्ये. म्हणजे जुलै 2024 च्या त्या पहाटे आईला ज्याच्या नावाने बोटं मोडायची तो नगरसेवकसुद्धा नव्हता. माझ्या परक्या नदीच्या बांधांसाठी मला मत होतं, आईच्या सख्ख्या नदीसाठी तिला नव्हतं.

डच लोक फार शहाणे म्हणून हे जमलं, असं मात्र नाही. घरटंचाई एवढी की झाउडप्लास नावाच्या पोल्डरमध्ये (पाणी उपसून मिळवलेल्या सखल जमिनीत), समुद्रसपाटीच्या पाच-सहा मीटर खाली, आठ हजार घरांचं नवं गाव वसवायचं घाटतंय. पाणीवाले नाकं मुरडतात, घरवाले रेटतात. नद्या-ओढ्यांच्या पाण्याचा दर्जा युरोपच्या निकषांत बसता बसत नाही. गायींच्या शेणामुतातल्या नायट्रोजनवरून 2019 पासून न्यायालय, शेतकरी आणि सरकार यांची जी जुंपली आहे, ती पाहिली तर महाराष्ट्रातली आंदोलनं घरगुती वाटतात. शिवाय ऱ्हाईनचा पूर जर्मनीतून दिवसांच्या चालीने येतो, मुठेचा घाटातून तासांच्या. इथला नकाशा तिथे चिकटवून चालणार नाही, हे दादाने मला चिखल काढता काढता सांगितलंच होतं.

फरक एवढाच की झाउडप्लासमध्ये नाकं मुरडायचं काम कोणाच्या तरी नावावर लिहिलेलं आहे, त्यासाठी पगार आहे, आणि ते मुरडणं घर बांधायच्या आधी होतं.

या आठवड्यात पाणीमंडळाचं वर्षाचं बिल आलं. त्याच संध्याकाळी दादाचा निरोप: सोसायटीने मीटर रूम तळमजल्यावरून पहिल्या मजल्यावर न्यायचं ठरवलंय, खर्च सभासदांनी विभागून घ्यायचा. आईच्या फ्लॅटचा वाटा मी भरते म्हटलं. दोन्ही पैसे एकाच खुर्चीत बसून पाठवले. बिलावर मंडळाच्या अध्यक्षाचं नाव आणि फोन नंबर होता. दादाच्या निरोपाखाली वहिनीने लिहिलं होतं, "जूनच्या आत झालं पाहिजे हं."