मग ती यादी कशासाठी?

आज संध्याकाळी जर्मनीतल्या ट्रिअरच्या सुपरमार्केटात वाइनच्या फडताळासमोर मोबाइल घेऊन उभी होते. घरी आले तरी डोकं तापलेलंच आहे. बाटलीवरचा क्यूआर कोड स्कॅन केला, घटकांची यादी उघडली. द्राक्षं, साखर, सल्फर डायऑक्साइड. बास. माशाचं नाव नाही.

कुठला मासा? दोन वर्षांपूर्वी बाबा इथे आले होते. जन्मभर शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. मोझेल नदीकाठच्या एका लहानशा द्राक्षमळ्यात तिथल्या आजीबाईंनी स्वतः ओतून दिलेली रीसलिंग ही पांढरी वाइन मात्र त्यांनी कौतुकाने घेतली. मी सहज विचारलं, इतकी नितळ कशी होते? आजी म्हणाल्या, माशाच्या पोटातल्या फुग्याने गाळ खाली बसवतो. आपले कोळी घोळीचा भोत विकतात ना, तसलाच. मी बाबांना मराठीत सांगितलं. त्यांनी ग्लास हळूच टेबलावर ठेवला. निघताना आजींना हात जोडले, पण वाटेत एक शब्द बोलले नाहीत.

८ डिसेंबर २०२३नंतर तयार झालेल्या वाइनला युरोपीय संघाने घटकांची यादी सक्तीची केली, तेव्हा मला केवढा आनंद झाला होता! कायदा लागू व्हायला जेमतेम दोन आठवडे उरले असताना युरोपीय आयोगाने बजावलं की कोडशेजारी नुसतं 'आय' (माहितीची खूण) चालणार नाही, 'घटक' हा शब्दच हवा. लेबलं आधीच छापून बसलेल्यांची तारांबळ उडाली, मग ८ मार्च २०२४पर्यंत छापलेल्यांना सवलत दिली. एका शब्दासाठी एवढा खल! आणि भोत? तो म्हणे घटकच नाही, प्रक्रियेपुरता वापरलेला पदार्थ. गाळ बसवायला वापरलेल्या अंड्याचा, दुधाचा अंश उरला तर ॲलर्जीपायी लिहावंच लागतं. भोताला तिथेही सूट. अंगावर पुरळ उठणार असेल तर सांगायचं, मन विटणार असेल तर नाही?

गाळाबरोबर तोही तळाशी बसतो, बाटलीत जवळपास काही राहत नाही, हे मान्य. पण बाबांनी ग्लास खाली ठेवला तो काय उरलंय ते मोजून नव्हे.

त्यात कॅलरी आणि ॲलर्जीचे पदार्थ सोडले तर सगळं कोडच्या आड ठेवायची मुभा. बाबांकडे बटणांचा फोन आहे, त्यांनी काय करायचं? लहान मळेवाल्यांना इतक्या भाषांत छापणं परवडत नाही, ठीक आहे, तेही खरं.

जूनमध्ये बाबा पुन्हा येताहेत. शेवटी मघाशी आजींनाच फोन लावला. म्हणाल्या, आता मी वाटाण्याचं प्रथिन वापरते. लेबलवर लिहिलेलं नाही, पण तुझ्या बाबांना सांग.